यंत्राचे वार्धक्य कोण ठरवितो?



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून वसंतात चार दिवस एकत्र बसून काही ऐकावे, त्यावर घरी जाताना वाद घालावा, ही चाल महाराष्ट्रात गावोगाव पसरली. अशा व्यासपीठावरून इतिहास सांगावयाचा म्हणजे गड, लढाया आणि तह यांचा सांगावयाचा अशी समजूत आहे. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात लढाई नाही. परंतु तारखा आहेत, आणि त्या तारखांनी आपल्या दुकानांचे, पतपेढ्यांचे व कारखान्यांचे जितके नुकसान होऊ शकते तितके एखाद्या लहान लढाईनेही होत नाही.

त्यातली ताजी तारीख १४ ऑक्टोबर २०२५ ही होय. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज दहा’ या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेला आधार संपविला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते प्रथम साध्या शब्दांत सांगतो. संगणकाचा डबा, पडदा आणि कळफलक ही त्याची कचेरी झाली. हिशेबाचे टॅली, पत्रे लिहिण्याचा वर्ड, पावत्या काढणारा प्रोग्रॅम हे त्या कचेरीतले कारकून. आणि या सर्वांना जागा, वेळ व कागद वाटून देणारा, कोणाला आत घ्यावे व कोणाला दारातूनच परत पाठवावे हे पाहणारा जो हेडक्लार्क, तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आधार संपला म्हणजे हा हेडक्लार्क मेला असे नव्हे. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे कामावर येतो, आणि म्हणूनच पुष्कळांना काही झाले असे वाटतच नाही. फरक एवढाच की, त्याच्या कचेरीच्या भिंतीला नवी भेग सापडली तर ती बुजविण्यास कंपनीचा गवंडी आता येणार नाही. भेग चोरांना ठाऊक असते. मालकाला मात्र नसते.

येथे आमच्यासारख्या कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला एक जुना प्रश्न आठवतो. यंत्र म्हातारे झाले हे ठरवावयाचे कोणी?

अमळनेरच्या प्रताप मिलपासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत ज्या सूतगिरण्या आणि कापडगिरण्या उभ्या राहिल्या, त्यांत विलायतेहून आलेले माग पन्नास-पन्नास वर्षे चालत. माग थकला की नाही हे फिटर ठरवी. तो कान लावून आवाज ऐके, झिजलेला दाता बदली, नवा दाता न मिळाला तर गावच्या लोहाराकडून घडवून घेई. लँकेशायरचा कारखानदार अमुक तारखेपासून तुमचा माग असुरक्षित झाला असे पत्र पाठवीत नसे. अर्थात जुने यंत्र रेटीत राहणे नेहमीच कामगाराच्या हिताचे असते, असे मात्र कोणी समजू नये. ज्या मालकांनी नफा काढून घेतला आणि यंत्रांवर पैसा घातला नाही, त्यांच्या गिरण्या १९८२ च्या संपाआधीच आतून पोखरलेल्या होत्या. यंत्र कधी बदलावे हा प्रश्न तेव्हाही होताच. पण निदान त्याचे उत्तर गिरणीच्या भिंतीच्या आत दिले जाई.

संगणक आपल्या देशात आला तो याच मुंबईच्या वाटेने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ १९६० साली चालू झाला. पण धंद्याच्या कचेऱ्यांत शिरला तो अमेरिकन आयबीएम कंपनीचा ‘१४०१’. जगाच्या बाजारात तो १९५९ साली आला आणि पुढील काही वर्षांत आपल्या तेल कंपन्या, रेल्वे व मोठे कारखाने यांच्या हिशेबखात्यांत बसला. विमा कर्मचाऱ्यांनी त्याला विरोध केला. १९६० च्या दशकात कलकत्त्याला तर आयुर्विमा महामंडळाचा संगणक बसू नये म्हणून कामगारांनी पहारे ठेवले. त्या विरोधाची आज थट्टा होते. परंतु त्यांचा सवाल यंत्राला नव्हता. यंत्राने वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडणार, हा तो सवाल होता. तो आजही शिळा झालेला नाही.

आयबीएमचे हे संगणक विकत मिळत नसत, भाड्याने मिळत. कंपनीचा एक कारखाना मुंबईत होता. परदेशात वापरून झालेली यंत्रे येथे दुरुस्त करून पुन्हा भाड्याने दिली जातात, ही त्या काळची मोठी तक्रार होती. भाडे चालू आहे तोवर यंत्र जुने झाले असे कंपनी कशाला म्हणेल! श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तेव्हा तक्रार अशी होती की, परदेशी कंपनी जुनी यंत्रे आपल्या गळ्यात बांधते. आज तक्रार अशी आहे की, चालती यंत्रे ती जुनी ठरविते. दोन्ही वेळा यंत्राचे वय कंपनीच्या ताळेबंदावरून ठरले; यंत्र काय करू शकते यावरून ठरले नाही.

मग १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आला. परदेशी कंपन्यांनी येथील आपले भांडवल बहुतांशी चाळीस टक्क्यांवर आणावे, असा त्याचा आग्रह होता. जनता सरकारात उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे आणि महापालिका कामगारांचे पुढारी. आयबीएमने अट मानली नाही आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. देशभरातल्या शेकडो कचेऱ्यांत तिचे संगणक उभे होते. त्यांत रेल्वेचे हिशेब होते, लाखो माणसांचे पगार होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर एका दिवसात साऱ्या देशाचा ‘आधार’ संपला.

पण कचेऱ्या बंद पडल्या नाहीत. कारण सरकारने १९७५ च्या अखेरीस कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, ही सार्वजनिक कंपनी स्थापन करून ठेवली होती. आठशेहून अधिक ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल तिने अंगावर घेतली. आयबीएममध्येच शिकलेले अनेक तंत्रज्ञ तिच्याकडे आले. त्यांना यंत्राची नस न् नस ठाऊक होती. जो संगणक मालकाने सोडला, तो कामगाराने चालविला. पुढे याच सीएमसीने रेल्वे आरक्षणाची संगणक व्यवस्था उभी केली. २००१ साली ती टाटांकडे गेली आणि २०१५ साली टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. आमच्या मते भारतातल्या संगणकाच्या इतिहासातले हे पान कामगाराने सोन्याच्या शाईने लिहून ठेवावे असे आहे.

तथापि १९७८ आणि २०२५ यांत एक मूलभूत भेद आहे. १४०१ हे लोखंड, तारा आणि नकाशे यांचे यंत्र होते. ते उघडता येई. विंडोजचा मूळ आराखडा कंपनीच्या कुलपात आहे. उद्या देशातले सर्व हुशार तंत्रज्ञ एकत्र आले तरी विंडोज दहाची भेग त्यांना कायद्याने व रीतसर बुजविता येणार नाही. फिटर आहे, हत्यारे आहेत, पण झाकणच उघडत नाही.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक मालकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि बँकांची दारे संगणकाला उघडली. १९९९ साली ‘वायटूके’चे संकट आले. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे दोनच आकडे लिहीत. त्यामुळे २००० साल लागताच संगणक ते १९०० समजेल ही भीती होती. जगभरच्या कंपन्यांचे लक्षावधी ओळींचे काम भारतीय पोरांनी रात्रंदिवस बसून दुरुस्त केले. १ जानेवारी २००० उजाडला आणि फारसे काही घडले नाही. तेव्हा लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. असे म्हणणे हा त्या राबणाऱ्या हातांवर अन्याय आहे. पूर आला आणि बांध फुटला नाही, तर बांध घालणे व्यर्थ गेले असे कोणी म्हणेल काय?

त्यानंतर तारखा नेमाने येत राहिल्या. विंडोज ९८ चा आधार ११ जुलै २००६ रोजी संपला, विंडोज २००० चा १३ जुलै २०१० रोजी, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० रोजी. प्रत्येक तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर झालेली होती. म्हणजे येथे अंधारात वार कधीच झाला नाही. आपण दिव्याच्या उजेडात झोपलो.

याचे मोठे उदाहरण एटीएमचे आहे. एटीएम हाही आत एक साधा संगणकच असतो, आणि आपल्या देशात पुष्कळ एटीएम एक्सपीवर चालत. एक्सपीचा आधार संपून चार वर्षे उलटली तरी ते तसेच चालत होते. अखेर २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले, बँकांच्या दिरंगाईबद्दल नाराजी व्यक्त केली आणि हप्ते बांधून दिले : सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी आधार असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यावीत. आता गंमत पाहा. ज्या बँकेने घाईने एक्सपी टाकून विंडोज सात घेतली असेल, तिच्या नव्या सिस्टिमचा आधार त्यानंतर सातच महिन्यांत संपला. जो उशिरा जागा होतो त्याला दोनदा धावावे लागते, ते असे.

उशीर केल्याने काय होते हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू एका दिवसात देशोदेशी पसरला. संगणकातली कागदपत्रे कुलपात घालून तो पैसे मागे. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांत रुग्णांच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही कचेऱ्यांतील संगणक सापडले. पुष्कळांनी दोष एक्सपीवर ढकलला. पण नंतरच्या तपासणीत दिसले की बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज सातची होती. विंडोज सातला तेव्हा आधार होता, भेग बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये फुकट मिळालेली होती. ती कोणी बसविलीच नव्हती. एतावता, आधार असणे पुरेसे नाही; तो घेणाराही जागा असावा लागतो.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, दुसरा विषाणू आला आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या दारात पोहोचला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर एकदम बंद पडले, आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. माल हाताने नोंदविण्याची पाळी आली. त्या कंपनीला सुमारे पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. तिच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा ज्या यंत्रांत होता ती सगळी गेली होती. एकच वाचले, घाना देशातले. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! आपल्या खानदेशात भारनियमनाला नेहमी शिव्या मिळतात. त्याने जगातला एक मोठा धंदा एकदा वाचविला, हेही लिहून ठेवावे. त्यातला बोध मात्र थट्टेचा नाही. जी प्रत जाळ्याला जोडलेली नसते, तीच संकटातून वाचते.

आता विंडोज दहाकडे येऊ. ती २९ जुलै २०१५ रोजी आली. तिच्यामागची विंडोज अकरा ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली आणि तिने यंत्रांना अटी घातल्या : टीपीएम नावाची सुरक्षा-चिप दोन क्रमांकाच्या आवृत्तीची हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ही आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. म्हणजे त्याआधी घेतलेला संगणक कितीही धडधाकट असला तरी बहुधा रीतसर नापास. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज केला होता की, या बदलापायी जगातले सुमारे चोवीस कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. कंपनीने पैसे घेऊन मुदतवाढही देऊ केली. २०२५ च्या योजनेप्रमाणे संस्थांना पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि तेही फार तर तीन वर्षे. घरगुती वापरासाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. ज्या किराणा दुकानाचा संगणक मुळात जुन्या बाजारातून आणलेला, त्याने हे डॉलर कोठून आणावेत?

कोणी म्हणेल, हे मुंबई-पुण्याचे दुखणे, विसरवाडीला त्याचे काय? असे म्हणणाऱ्याने आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहावा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यानंतर बारा वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, देशातले पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. ज्या आदिवासी माणसाच्या नावाचा कागद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरापलीकडे कोठे नव्हता, त्याचे बोटांचे ठसे संगणकात गेले, आणि पाठोपाठ त्याचे रेशन, त्याची मजुरी, त्याचे खाते त्याच वाटेने गेले. महामार्गावरचा वजनकाटा, खतांचे दुकान, ऑनलाइन अर्ज भरणारे केंद्र, पतपेढी — कोणतीही कचेरी घ्या, कोपऱ्यात एक काळा डबा आहेच. तेव्हा दुखणे आपलेच आहे.

आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट त्या डब्यात आहे : कामगाराची नोंद. २०१२ पासून भविष्यनिर्वाह निधीचे भरणे संगणकावरून होऊ लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने नियम करून हजेरी-पगाराची पुस्तके संगणकावर ठेवण्याची मोकळीक दिली. सोय झाली हे खरे. पण जाड पुठ्ठ्याच्या मस्टरला आधार संपण्याची तारीख नव्हती. वाळवी लागली तरी चार पाने शिल्लक राहत.

आमच्या पाहण्यातली एक हकीकत सांगतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. एक शिपाई निवृत्त झाला. ग्रॅच्युइटीचा हिशेब १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला सरळ होता : नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. पण त्याच्या पहिल्या नऊ वर्षांची नोंद एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होती. संगणक बंद पडला, दुरुस्त करणाऱ्या मुलाने फॉरमॅट मारला, आणि नऊ वर्षे पुसली गेली. संस्था म्हणाली, पुरावा आणा. त्या माणसाने पत्र्याच्या पेटीत पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून त्याचे पैसे मिळाले. ज्याच्या घरी पेटी नाही त्याने काय करावे? ऊसतोडीला दरवर्षी गुजरातेत जाणाऱ्या आमच्या माणसाच्या घरी तर छप्परही धड नसते.

म्हणून तयारी कशी करावी ते सांगतो. पहिले काम मोजदादीचे. संस्थेत संगणक किती, कोणत्या साली घेतले, आत कोणती विंडोज आहे आणि त्यावर नेमके कोणते काम चालते, हे एका वहीत लिहावे. मग त्यांचे तीन गट पाडावेत. अकरा नंबर घेऊ शकतील ते एका बाजूला. त्यांना ती चढवावी. जे घेऊ शकत नाहीत, पण ज्यांच्यावर फक्त इंटरनेट व साधी लिखापढी चालते, त्यांवर लिनक्स बसवावे; ते मोफत असते व त्याचा मूळ आराखडा उघडा असतो. केरळच्या सरकारी शाळा मोकळ्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे चालल्या आहेत, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाचे देशी लिनक्स काढले. तिसरा गट अडून बसणाऱ्यांचा : वजनकाट्याला जोडलेला, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालविणारा, किंवा जुन्या मराठी फॉन्टचा डोंगल लावलेला संगणक. त्याची इंटरनेटची तार काढावी, त्यात कोणाचाही पेन ड्राइव्ह घालू देऊ नये, आणि त्याला त्या एकाच कामाला ठेवून बदलाची रक्कम अंदाजपत्रकात धरावी.

पण या सर्वांआधी प्रत काढावी. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, ती डिस्क वेगळ्या इमारतीत. आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हे दुसऱ्या यंत्रावर पाहून घ्यावे. न उघडणारी प्रत म्हणजे रिकामी तिजोरी. जुन्या फॉन्टमधली मराठी कागदपत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत, नाहीतर तो फॉन्ट गेल्यावर ठरावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. पगारपत्रके वर्षाला एकदा छापून, सही-शिक्क्यानिशी बांधून ठेवावीत आणि प्रत्येक कामगाराला त्याची चिठ्ठी कागदावर द्यावी. जे संगणक खरोखर निकामी झाले त्यांच्या डिस्क पुसल्यावाचून भंगारवाल्याला देऊ नयेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडे जावयास हवेत. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणारी पोरे आपलीच असतात.

शेवटी जबाबदारीचा प्रश्न. आमचा अनुभव असा की, यंत्र घ्यावयाचे की नाही हे संचालक मंडळ ठरविते, आणि यंत्र बुडाले म्हणजे नोटीस मिळते ती आठ-दहा हजारांवर कंत्राटाने काम करणाऱ्या ऑपरेटर मुलीला. तिने ‘पडद्यावर सूचना येते आहे’ असे तीनदा सांगितलेले असते; ते कोणी लिहून घेतलेले नसते. म्हणून ऑपरेटरांनी अशी सूचना लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. नवी पद्धत शिकविण्याचा वेळ कामाच्या वेळात धरावा. आणि सार्वजनिक पैशाने पुन्हा एकदा सीएमसीसारखी देखभाल-यंत्रणा, निदान जिल्ह्याला एक, उभी करावी, ही मागणी पतपेढ्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि कामगारांनी मिळून करावी. १९७८ साली जे देशाला जमले ते अशक्य होते असे इतिहास सांगत नाही.

मार्चअखेरचे हिशेब आता संपले आहेत आणि पावसाला अजून अवकाश आहे. याच दिवसांत आपण घरे शाकारतो. कौले उतरवून फुटकी बाजूला काढतो, कारण मृगाचा पाऊस दारात उभा राहिल्यावर शिडी लावता येत नाही हे आपल्याला ठाऊक असते. त्याच दिवसांत प्रत्येक संस्थेने आपल्या कोपऱ्यातल्या डब्यांची वही लिहून काढावी, एवढीच आमची या सभेला विनंती आहे.